गच्चीवर स्वीडिश बास्तू, बंबानं भागेल का?

प्रश्न : ताई, पोरगा स्वीडनला गोथेनबर्गमध्ये नोकरीला आहे. तिकडं बास्तू म्हणजे सौना (तापलेल्या खोलीत बसून घाम काढायचा) घेतो आणि आता दिवाळीला आल्यावर गच्चीवरच्या खोलीत आपणही करूया म्हणतोय. आमच्याकडं तांब्याचा जुना बंब आहे, तो आत पेटवून दार लावलं तर भागेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काका, बंद खोलीत बंब अजिबात पेटवू नका. लाकूड-कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही की रंग नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गॅस गीझरचंही तेच.

आणि बंबातनं निघते ती ओली वाफ. बास्तू कोरडा असतो, साधारण 70 ते 90 डिग्री, तरी सोसतं कारण हवेत ओलावा कमी आणि घाम उडून जातो. मधनंच तापलेल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकायचं, की अंगावर ऊष्मा येतो. वरच्या फळीवर जास्त तापतं, नवख्यानं खालीच बसावं. खरा बास्तू बांधायचा तर आतनं लाकूड, भिंतीत इन्सुलेशन आणि इलेक्ट्रिक हीटर लागतो, ढोबळमानानं एका घनमीटरला एक किलोवॅट, म्हणजे दोन मीटर लांब-रुंद-उंच खोलीला आठ किलोवॅट, मग महावितरणकडं लोड वाढवा, थ्री फेज घ्या... वर्षातनं चार दिवस येणाऱ्या पोरासाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही. दगडं पण पंचगंगेतनं गोटे आणून चालत नाहीत हं, आत ओल असली तर तापल्यावर फुटतात.

त्यापेक्षा तिथली रीत उचला की. स्वीडनमधल्या माल्मोला रिबर्सबोर्ग म्हणून 1898 पासनंचं समुद्रातलं लाकडी स्नानगृह आहे, बायका-पुरुषांची बाजू वेगळी. आधी साबणानं आंघोळ, अंगावर कपडा नाही, बुडाखाली टॉवेल (हे सक्तीचं), दहा-पंधरा मिनिटं गरमीत, मग शिडीवरनं थेट थंडगार समुद्रात, जानेवारीत सुद्धा! मग गप बसून राहायचं, अंग निवलं की परत आत. असं दोन-तीन वेळा. घरी कढत पाण्याची आंघोळ करा, मग टाकीचं गार पाणी, आधी पायावर, मग हळूहळू वर, आणि नंतर गच्चीवर खुर्ची टाकून बसा, मोबाइल खाली ठेवून. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला जमेल, मे महिन्यात नाही, टाकीच तापलेली असते.

बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिकडं नंतर सॉसेज आणि बिअर घेतात, तुम्ही आधी भरपूर पाणी प्या, तांबडा रस्सा मागनं. दारू पिऊन गरमीत बसायचं नाही, पोरगा कितीही म्हणाला तरी.

प्रश्न : ऑनलाइन तो घरगुती सौनाचा चेनवाला तंबू मिळतो, आत खुर्ची, बाहेर फक्त डोकं, तो घेऊ का? – शाहूपुरी

उत्तर : बऱ्याच तंबूंत वाफच असते, म्हणजे बास्तू नव्हे. अंग शेकायला बरा. चेन आतनं उघडते का तेवढं बघून घ्या.