सक्तीचं शिक्षण पहिल्यांदा कोल्हापुरातच सुरू झालं का?

भारतात पहिलं नाही, तो मान बडोद्याचा. सयाजीरावांनी 1893 ला अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 ला सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. पण आपल्या शाहू महाराजांनी 1917 ला कायदा केला तो लय कडक होता राव, पोरगं शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड, आणि त्या काळी रुपया म्हणजे काय चेष्टा नव्हती, शेतात राबायला पोरगं घरी ठेवणाऱ्याला तो चांगलाच झोंबत असणार. 1918 ला करवीर भागातल्या चिखलीपासून सुरुवात झाली. दुसऱ्या वर्षी तर अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सगळ्या पोरांना एकत्र बसवायचा हुकूम काढला, माझ्या मते खरा दणका हाच.

इंग्रजांकडं बघाल तर गोखल्यांनी 1911 ला बिल मांडलं, ते पुढच्या वर्षी पाडलं. 1918 ला विठ्ठलभाई पटेलांमुळं मुंबई इलाख्यात कायदा झाला खरा, पण तो नगरपालिकांपुरता, तेपण त्यांच्या मर्जीवर. देशभर 6 ते 14 वयाच्या पोरांना शिक्षणाचा हक्क मिळाला तो आरटीईनं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं, 1 एप्रिल 2010 पासून.