‘बेगमी’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कोठे वापरावा?

‘बेगमी’ म्हणजे साठाच, मग ‘साठा’ म्हटले तर काय बिघडते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बरेच बिघडते. साठा ही नुसती वस्तू. बेगमी ही पुढची अडचण ओळखून वेळेवर केलेली सोय. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निश्चिंतपणा असा असून, ज्या तरतुदीमुळे तो लाभतो तिलाच मराठीत बेगमी म्हणू लागले. ‘बेगम’ या तुर्की मुळाच्या शब्दाशी तिचे काही नाते नाही.

गोव्यात हा अर्थ समजण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. फोंड्याजवळच्या आमच्या घरी मे महिन्यात आजी फणसाच्या आठळ्या तांबड्या मातीत घोळवून वाळवायची आणि कोठीच्या कोपऱ्यात रचून ठेवायची. आषाढात भाजीला काही नसले की त्यांतल्याच ओंजळभर काढून, माती धुऊन, आमटीत घालायची. वाशाला कांद्यांच्या माळा असत, बरणीत मिठात मळलेले चिंचेचे गोळे आणि डब्यात सुके बांगडे व सुंगटे, म्हणजे कोळंबी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून सुक्या मासळीचे महत्त्व आजही आहे. या साऱ्याला कोंकणीत ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला असून, मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, ‘पुरुमेंताचें फेस्त’ म्हणूनच ओळखले जाते.

वापराविषयी सांगायचे तर शब्द स्त्रीलिंगी आहे आणि बहुधा ‘करणे’ या क्रियापदासह येतो. ‘धान्याची बेगमी’ आणि ‘पावसाळ्याची बेगमी’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत. पहिलीत वस्तू सांगितली जाते, दुसरीत ज्या काळासाठी ती जमवली तो काळ. ‘म्हातारपणाची बेगमी’ हाही चांगला प्रयोग आहे, आणि वृत्तपत्रांतली ‘मतांची बेगमी’ मला खटकत नाही, कारण तिथेही आज केलेली तजवीज उद्या उपयोगी पडायची असते. मात्र संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी दूध आणून ठेवले, तर ती बेगमी नव्हे. तिथे ‘सोय’ हाच शब्द योग्य. तसेच टंचाईच्या बातमीने धास्तावून कोणी दुकानातली पोतीच्या पोती उचलली, तर त्याला साठेबाजी म्हणावे, कारण बेगमीचे माप आपल्या घरातल्या पानांवरून ठरते.