हॉर्नबी हे आडनाव मूळचे कुठले?

प्रश्न : दादाभाई नौरोजी रस्त्याला आमचे आजोबा ‘हॉर्नबी रोड’ म्हणत. हे आडनाव मूळचे कुठले आणि आज कुठे आढळते? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबी यांच्यामुळे हे नाव शहरात रुजले. आडनाव मात्र गावावरून पडलेले आहे. उत्तर इंग्लंडमध्ये लँकेशर आणि यॉर्कशर येथे हॉर्नबी नावाची गावे असून, तेथे वसलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती आणि पहिला भाग बहुधा ती वसवणाऱ्याचे नाव. आपल्या चिपळूणकर, वसईकरांचेच हे भावंड, फक्त ‘कर’ न लागलेले! आजही ते मुख्यत्वे लँकेशर परिसरातच आढळते. मेकॅनो या खेळण्याचे जनक फ्रँक हॉर्नबीही शेजारच्या लिव्हरपूलचेच.