गाजर गवताच्या ॲलर्जीवर आपल्याकडे खरंच काही संशोधन झालंय का, की नुसत्या गोळ्या बदलत राहायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, आयुष्य शेतात गेलेलं. गेली चार वर्षं पावसाळा लागला की चेहरा, मान आणि कोपरांच्या आतल्या बाजू लाल होतात, खाजवून खाजवून कातडी जाड झाली आहे. एक डॉक्टर म्हणाले उन्हाची ॲलर्जी, दुसरे म्हणाले गाजर गवत. गोळी चालू असेपर्यंत बरं असतं, बंद केली की दहा दिवसांत पुन्हा तेच. यावर भारतात कुणी अभ्यास केलाय का, आणि हे कायमचं जाईल का?

मी त्वचारोगाचा डॉक्टर. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं दवाखाना चालवतोय, आणि जुलै ते ऑक्टोबर माझ्या बाकड्यावर तुमच्या वडिलांसारखी माणसं रोज बसलेली असतात.

अभ्यास झालाय का म्हणता? अहो, या आजाराची भारतातली पहिली नोंदच आपल्या पुण्याची आहे. हे गवत पुण्यात १९५५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत आलं आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख छापून आला. त्यानंतर अवघ्या बारा-तेरा वर्षांत, १९६८ साली, लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी गाजर गवतामुळे झालेल्या त्वचादाहाचा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात मांडला. १९७४ साली लोणकरांनी मिचेल आणि कॅलनन या दोन परदेशी तज्ज्ञांसोबत तोच विषय लंडनच्या नियतकालिकात सविस्तर लिहिला. तेव्हापासून हा आजार पुस्तकात आला.

(जाता जाता. हे गवत ‘पीएल ४८० च्या गव्हातून आलं’, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदत योजनेतल्या गव्हातून, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय. पण भारताचा तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला, आणि गवत पुण्यात दिसलं त्याच्या आदल्या वर्षी. अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे गव्हाला निर्दोष सोडता येत नाही. फक्त गुन्ह्याची तारीख जरा मागे न्यावी लागते.)

या गवताच्या पानांवर, देठांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बा राव यांनी १९७० च्या दशकात परदेशी शास्त्रज्ञांच्या साथीने रुग्णांवर चाचण्या करून दाखवलं, की कातडी भडकवण्यात मुख्य हात या पार्थेनिनचा आहे. गवत वाळलं तरी ते जात नाही. वाळलेल्या पानाचा भुगा वाऱ्याने उडतो, घामेजलेल्या मानेला चिकटतो आणि काम सुरू. म्हणूनच ‘मी तर गवताला हातही लावत नाही’ असं सांगणारे कितीतरी जण या आजाराचे पक्के रुग्ण निघतात. आणि ही शिंका-पित्तासारखी झटपट ॲलर्जी नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशींनी ओळख पटवून, एक-दोन दिवस घेऊन काढलेला राग आहे हा. त्यामुळे सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, रात्रीचं खाजवणं थोडं कमी होतं, पण मूळ आजाराला धक्का लागत नाही. रक्त घेऊन शंभर गोष्टींच्या ॲलर्जीची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्याही इथे कुचकामी आहेत. त्या झटपट ॲलर्जीसाठी असतात. तेवढे पैसे वाचवा.

आता ऊन की गवत? इथे मी स्वतः तोंडावर पडलो होतो. शिकत असताना एका शेतकऱ्याचा काळवंडलेला चेहरा बघून मी केसपेपरवर ‘उन्हाची ॲलर्जी’ असं ठोकून दिलं. आमचे सर आले, पेपर वाचला, काही बोलले नाहीत. फक्त त्या माणसाच्या हनुवटीखाली एक बोट लावून तोंड वर केलं. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या घडीत, कानांच्या मागे, मिटलेल्या पापण्यांवर, सगळीकडे कातडी लाल आणि जाड. ‘इथे ऊन कसं पोचलं?’ एवढंच विचारलं. ऊन हनुवटीच्या सावलीत पोचत नाही, धूळ पोचते. आज घरीच वडिलांचं तोंड वर करून बघा.

मात्र उन्हाचं नाव घेणारे तुमचे पहिले डॉक्टर अगदीच चुकले असंही नाही. गवताची ही ॲलर्जी वर्षानुवर्षं मुरली की बऱ्याच जणांची कातडी खरोखरच उन्हालाही सोसेनाशी होते. सुरुवात गवताने, पुढे ऊन त्यात भर घालतं. चार वर्षांच्या आजारात दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात.

खात्री करायची तर पॅच टेस्ट. पाठीवर गवताच्या अर्काची छोटी पट्टी चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, मग काढून लगेच आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या संचात पार्थेनियम, म्हणजे हेच गाजर गवत, असतंच. अडचण अशी की तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, आणि जास्त मात्रेत स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर निकाल खोटा येऊ शकतो. अंग भडकलेलं असताना तर ती करूच नये. मी शक्यतो दिवाळीनंतर करतो.

आणखी एक फुकटची टेस्ट: वडिलांना तीन आठवडे शहरात कुणा नातेवाइकाच्या फ्लॅटवर पाठवा. माझे किती तरी रुग्ण मुलाकडे मुंबईला जाऊन तुकतुकीत होऊन येतात आणि एसटीतून उतरल्यावर चार दिवसांत खाजवत माझ्याकडे.

आता उपचार. तुमच्या वडिलांची ‘चालू असेपर्यंत बरं’ वाली गोळी बहुधा स्टेरॉइडची आहे. तिच्याविषयी लोकांच्या मनात फार प्रेम असतं, कारण आठवड्यात खाज गायब. दोन महिन्यांनी चेहरा गोल होतो आणि पाहुणे म्हणतात, ‘अण्णांची तब्येत सुधारली हो!’ ती तब्येत नाही, सूज आहे. सोबत साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू उतरतो.

तिला पर्याय शोधण्याचं बरंचसं काम दिल्लीच्या एम्समध्ये झालं. ॲझाथायोप्रिन हे औषध मुळात मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांसाठी गाजलं, शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. तिथल्या के. के. वर्मा आणि सहकाऱ्यांनी ते गाजर गवताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. २००६ साली त्यांनी १२ रुग्णांना आठवड्यातून फक्त एकदा ३०० मिलिग्रॅम देऊन काय झालं ते छापलं. बहुतेकांना चांगला उतार पडला. २००८ साली त्यांनी ५५ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटण्या केल्या: एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम ॲझाथायोप्रिन, दुसऱ्याला रोज २ मिलिग्रॅम बेटामिथासोन हे स्टेरॉइड, सहा महिने. सहा महिन्यांच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे. फरक नंतर दिसला. स्टेरॉइडवाल्यांत दुष्परिणाम जास्त, आणि औषध थांबल्यावर आजार उलटण्याचं प्रमाणही जास्त. तुमच्या ‘बंद केली की पुन्हा’ या तक्रारीचं उत्तर या अभ्यासात आहे.

ॲझाथायोप्रिनचा असर मात्र सावकाश. पहिले चार-सहा आठवडे काहीच होत नाही असं वाटतं, आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. म्हणून मी सुरुवातीला थोडं स्टेरॉइड सोबत देतो आणि ते हळूहळू उतरवतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटचाही आपल्याकडे अभ्यास झाला आहे, तेही चालतं.

चंदीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात एक वेगळाच प्रयोग झाला, तो २००१ साली छापला गेला. काट्याने काटा. गवताचाच अर्क थोडा थोडा वाढवत पोटातून द्यायचा, म्हणजे शरीराला सवय होईल. बऱ्याच जणांना फायदा झाला, पण काही जणांचा आजार उलट भडकला. हे वाचून कुणीतरी तुम्हाला ‘गाजर गवताचा काढा’ सुचवेल. कृपया नको. तो अर्क मोजूनमापून केलेला होता आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते.

या अभ्यासांचं एक खटकतं: संख्या बघा. १२ रुग्ण, ५५ रुग्ण. आजार लाखो शेतकऱ्यांच्या बांधावर आणि चाचणी एका वर्गात मावेल एवढ्या माणसांवर. औषधं जुनी, स्वस्त, त्यामुळे कंपन्यांना यात रस नाही. हे गवत ऑस्ट्रेलियात आहे, आफ्रिकेत आहे, तरी त्याच्या त्वचारोगावर उपचारांचे प्रयोग प्रामुख्याने आपल्या सरकारी रुग्णालयांतच झाले. म्हणून तक्रार करताना जरा जीभ चावतो. आणि सहा महिने शेतकऱ्याला दिल्लीला फेऱ्या मारायला लावणं सोपं नसणार. माझ्याकडचे सोयाबीन काढणीला लागले की तीन किलोमीटरवरून येत नाहीत.

ॲझाथायोप्रिन सुरू करायचं ठरलं तर आधी रक्तातल्या पेशी आणि लिव्हरची तपासणी, छातीचा एक्स-रे. पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी पेशी मोजायच्या, यात हयगय नाही. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकात बदल असलेल्या माणसांना नेहमीची मात्राही बाधते, आणि असे लोक आपल्याकडे आहेत. अशांचे केस दोन-तीन आठवड्यांत मुठीने गळतात. तसं दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि वडिलांना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधीच सांगा. ती दोन औषधं एकत्र गेली तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज, बसते. सांधे दुखतात म्हणून दुसऱ्याच डॉक्टरकडून घेतलेली ही गोळी लोक मला सांगतच नाहीत.

औषध काहीही घेतलं तरी धूळ चुकवावी लागणार. शेतातून आल्या आल्या साबणाने अंघोळ, कपडे बदलायचे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्यापर्यंत बटणं. धुतलेले कपडे बांधाकडच्या तारेवर वाळत घालू नका, घरात घाला. गवत उपटायचं ते फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीत, हातमोजे घालून, आणि दुसऱ्या कुणीतरी. वाळलेल्या ढिगाला काडी लावायची तर वडील गावात नसावेत. १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. फोटोसाठी उघड्या हातांनी गवत उपटणारी मंडळी बघितली की मला पुढच्या महिन्याचे रुग्ण दिसतात. मेक्सिकोहून आणून १९८४ साली बंगळूरला सोडलेला भुंगा पावसाळ्यात पानं खातो, तो दिसला तर त्यावर फवारा मारू नका. पडीक जागेत टाकळा पेरला तर तोही गवताला दाबतो.

आणि शेवंती. ती याच कुळातली. माझा एक रुग्ण दोन वर्षं उत्तम होता आणि दोन्ही वर्षं दसऱ्यानंतर नेमका भडकून आला. खूप खोदून विचारल्यावर कळलं, गावच्या देवळाचे हार तो ओवायचा. आता तो झेंडूही सुनेला ओवायला देतो, जो बहुतेकांना सोसतो, पण त्याने धसकाच घेतला आहे.

कायमचं जाईल का? ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, कायमची जाईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण नीट औषध आणि ही पथ्यं सांभाळली तर वर्ष-दोन वर्षं काहीही न होता जातात, मग एखाद्या पावसाळ्यात थोडं उठतं, तेव्हा थोडे महिने पुन्हा गोळी.

एक गोष्ट मात्र आजच: हे वाचून ती चालू गोळी एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेलं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं, झटक्यात थांबवलं तर माणूस चक्कर येऊन पडतो. गोळीचं रिकामं पाकीट खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि रोज किती, किती महिने, हे आधी कागदावर लिहून न्या.