पातळ वातावरण की विरळ?

कोथरूडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी ‘प्लूटोच्या पातळ वातावरणावर सौरवारा आदळतो’ असं लिहिलंय. ‘पातळ’ चालेल की ‘विरळ’ हवं?

‘विरळ’च हवं. पातळ म्हणजे एकतर जाडी कमी असलेलं, जसा कागद. नाहीतर पाणी जास्त झालेलं, जसं वरण. (नेसायचं पातळ वेगळं.) विरळ म्हणजे मधेमधे मोकळी जागा असलेलं. वस्ती विरळ, केस विरळ. शेतातली दाट रोपं उपटून कमी करतात ती विरळणीही यातलीच.

प्लूटोच्या बाबतीत हा नुसता शैलीचा प्रश्न नाही. तिथं पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या साधारण एक लाखांश, म्हणजे हवा अतिशय विरळ. पण गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे हीच हवा, मुख्यतः नायट्रोजन आणि थोडा मिथेन, हजार किलोमीटरच्याही वर पसरलेली. खुद्द प्लूटोची त्रिज्या १,१८८ किलोमीटर! असल्या वातावरणाला पातळ म्हटलं तर अर्थच उलटा होतो.

‘आदळतो’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खटकतंय ते तेच. सौरवारा म्हणजे सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं येणारे विद्युतभारित कण, बहुतेक प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना बाहेरच वळवतं. प्लूटोला तसं स्वतःचं क्षेत्र आढळलेलं नाही. तिथं वरच्या थरातून निसटणाऱ्या मिथेनच्या रेणूंचे अतिनील किरणांमुळे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात. वाऱ्यासोबत येणारं चुंबकीय क्षेत्र हे जड आयन ओढून नेतं, आणि त्या ओझ्यानं वारा मंदावतो, बाजूनं वळसा घालतो. १४ जुलै २०१५ला न्यू होरायझन्स यान जवळून गेलं, तेव्हा वाऱ्याच्या वाटेतला हा अडथळा सूर्याच्या बाजूला प्लूटोच्या केंद्रापासून त्याच्या अडीच त्रिज्यांच्या आसपास दिसला, तर मागे आयनांचं शेपूट शंभर त्रिज्यांहून लांब. अडथळा याहून मोठा असेल असा आधीचा अंदाज होता. पण वरची हवा अपेक्षेपेक्षा बरीच थंड निघाली, उणे २०० अंश सेल्सियसच्या घरात; मग वायू निसटणार तरी किती?

म्हणून तक्त्यावर लिहा: ‘प्लूटोच्या विरळ वातावरणापाशी सौरवारा मंदावतो आणि वळसा घालून पुढे जातो.’ आणि ‘सौरवारा’च राहू द्या. ‘सौरवात’ चूक नाही, पण वात म्हटलं की प्रदर्शनाला आलेल्या आजोबांना आधी आपले गुडघे आठवतील.