स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला मुक्काम असताना हायलँड्सचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ उत्तर भागाचा, इतिहास कळण्यासाठी काय पाहावं? कलोडनला जाण्यात अर्थ आहे का?

कलोडनला, त्या जुन्या लढाईच्या माळावर, जाच. पण नुसतं कलोडन पाहून परतणार असाल तर राहू द्या, अर्धीच गोष्ट ऐकून डोळे पुसत येणारे आधीच खूप आहेत. आमचे दाजी त्यातलेच.

दाजी बरीच वर्षं अ‍ॅबरडीनला आहेत. हायलँडर म्हणजे तिथले मावळे, डोंगरातले काटक, इंग्रजांनी चिरडलेले, हे त्यांचं ठाम मत. कलोडनच्या माळावर दोन रंगांचे झेंडे आहेत: निळे जॅकोबाइटांच्या, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंड केलेल्यांच्या, फळीचे, लाल सरकारी फौजेचे. 16 एप्रिल 1746 ला तासाभराच्या आत इथे सुमारे 1,500 जॅकोबाइट मारले गेले. कुळांची नावं कोरलेल्या दगडांपुढे दाजी टोपी काढून उभे राहिले. मी म्हटलं, दाजी, लाल झेंड्यांखालीही स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्पबेल हे हायलँडचंच कूळ होतं. "इथे तरी वाद घालू नकोस," म्हणाले.

म्हणून मी त्याच दिवशी हट्टाने फोर्ट जॉर्जला न्यायला लावलं. गाडीने अर्धा तासही लागत नाही. हायलँडरांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून 1748 मध्ये या किल्ल्याचं काम सुरू झालं, 1769 मध्ये संपलं. तोवर बंडाची भीतीच उरली नव्हती. त्याच्यावर कधी हल्ला झाला नाही. आणि पुढे 1793 मध्ये, त्याच किल्ल्यात, हायलँडरांचीच 78 वी पलटण उभी केली गेली. आतल्या हायलँडर्स म्युझियममध्ये तिची खूण बघा: हत्ती, आणि वर 'असई'.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. असईच्या बाजूने एसटीने कितीदा गेलेय, कोणी बोट दाखवून सांगितलं नव्हतं. 23 सप्टेंबर 1803 ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांची फौज मोडली. त्यात ही 78 वी केळणेच्या बाजूने थेट तोफांवर चालून गेली. म्हणजे कलोडनला साठ वर्षं व्हायच्या आत त्यांचे नातू-पणतू आमच्या शिवारात. दाजी काचेपुढे जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हुकमाचे ताबेदार होते बिचारे." मी म्हटलं, मग लाल झेंड्यांखालचेही ताबेदारच की, त्यांच्यासाठी टोपी का नाही काढली? गाडीत ताई मागे बसून हसत होती. वाद अजून चालूच आहे.

बाकीचं पटकन. क्लाव्हा केर्न्स कलोडनपासून अगदी जवळ, सुमारे 4,000 वर्षांपूर्वीच्या दफनरचना, तिकीट नाही. लॉक नेस तळ्याकाठच्या अर्कहार्ट किल्ल्याचा फोटो छान येतो; 1692 मध्ये सोडून जाताना सैनिकांनीच सुरुंग लावून उडवला. पण वेळ कमी असेल तर मी तो गाळेन, आणि नेसीची, म्हणजे त्या तळ्यातल्या दंतकथेतल्या प्राण्याच्या नावाची, बोटफेरी तर नक्कीच. त्यापेक्षा न्यूटनमोरचं हायलँड फोक म्युझियम. तिथे 1700 च्या सुमाराची गवताच्या ढेकळांच्या भिंतींची घरं पुन्हा बांधली आहेत. आत शिरलं की धुराने डोळे चुरचुरतात आणि ही माणसं पलटणीत का जात असतील ते न सांगता कळतं. उत्तरेला बेटीहिलपर्यंत जमत असेल तर स्ट्रॅथनेव्हर म्युझियम: 1814 मध्ये मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायला तिथल्या जमीन कसणाऱ्या कुळांना घरांबाहेर काढलं, छपरं पेटवली. हे करवणारा जमीनदाराचा कारभारी पॅट्रिक सेलर, त्याच्यावर इन्व्हरनेसला 1816 मध्ये खटला चालला, तो सुटला. तेव्हा दाजी अगदीच चूक नाहीत.

आणि हो, असईला कंपनीकडून लढलेले बहुतेक मद्रासचे शिपाई होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापतीही हानोव्हरचा पोलमन. हे दाजींनीच मला नंतर फोन करून ऐकवलं.

पासचं बघून घ्या: फोर्ट जॉर्ज आणि अर्कहार्ट हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे, कलोडन नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे. एकाचा पास दुसऱ्याकडे चालत नाही. फोक म्युझियम हिवाळ्यात बंद असतं. कलोडनला उन्हाळ्यातही कानटोपी न्या.