ट्रामची दांडी तारेवरून सटकली तर ब्रेक कशावर लागायचा?

प्रश्न : आजोबा सांगायचे की मुंबईच्या ट्रामची वरची दांडी वळणावर कधीकधी तारेवरून सटकायची आणि मग ती परत बसवावी लागायची. मला प्रश्न पडलाय की वीजच गेली तर ब्रेक कसा लागायचा? आणि मोटर असायची कुठे, जुन्या फोटोत तर दिसतच नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सुरुवातीच्या इलेक्ट्रिक ट्रामचा रोजचा ब्रेक विजेवर नव्हताच, तो हाताचा होता. ड्रायव्हरसमोर एक उभा दांडा, त्याला वर हँडल, ते फिरवलं की खाली साखळी दांड्याला गुंडाळली जायची, तिने रॉड आणि लिव्हर ओढले जायचे आणि बिडाचे ब्रेक शू चाकांवर दाबले जायचे. पायाशी खटका असायचा, तो दातेरी चाकात अडकवला की हात सोडला तरी ब्रेक सुटायचा नाही. दांडी सटकली काय नि नाही काय, हा ब्रेक शाबूत.

पण घोड्याच्या ट्रामवरचीच ही पद्धत आता कितीतरी जड नि वेगवान गाडीवर आली होती आणि खरी अडचण तिथे झाली. उतारावर दंडातली ताकद पुरत नव्हती, आणि जास्त जोर लावून चाकं जाम केली तर ती रुळावर घसरायची, घसरणारं चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी पकड धरतं, म्हणून रुळावर वाळू सोडायची सोय ठेवायचे. हवेचे ब्रेक बऱ्याच गाड्यांवर नंतर आले.

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. गाडी पळवणारी मोटरच गाडी थांबवू शकते. वीज असेल तर रिव्हर्सचं हँडल उलटं टाकायचं आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते खाचेखाचेने ठरवणारं हँडल, एकच खाच पुढे न्यायचा, घाईत जास्त फिरवला तर फ्यूज उडायचा किंवा चाकं उलटी फिरून घसरायची. वीज नसेल तर? गाडीला दोन मोटरी असल्या की तेव्हाही रिव्हर्स उलटा टाकून कंट्रोलर थेट पॅरललच्या, म्हणजे दोन्ही मोटरी समांतर जोडणाऱ्या खाचेवर न्यायचा. दोन्ही मोटरी एकमेकींना जोडल्या जातात, चाकं त्यांना फिरवतच असतात, लोखंडात उरलेलं चुंबकत्व जिच्यात जरा जास्त ती जनरेटर होऊन दुसरीतून करंट ढकलते आणि दोघी मिळून चाकांना अडवतात. रिव्हर्स न टाकता केलं तर तो करंट उरलेलं चुंबकत्वच पुसून टाकतो आणि काही होत नाही. झटका जबरदस्त बसायचा, त्यामुळे हे फक्त जिवावर बेतलं तरच. आणि गाडी हळू झाली की हा जोर पण ओसरतो, उभी धरून ठेवायला शेवटी हाताचाच ब्रेक.

मोटर कुठे, तर जमिनीखाली, म्हणजे डब्याच्या फळ्यांखाली, चाकांच्या मध्ये. आधी असं नव्हतं, 1886 मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला व्हान डेपोल यांनी मोटर पुढच्या प्लॅटफॉर्मवर ठेवून साखळीने चाक फिरवलं होतं. ती खाली नेऊन नीट बसवली फ्रँक स्प्रेग यांनी, व्हर्जिनियातल्या रिचमंडला, 1888 मध्ये. तिथे चढ 10 टक्क्यांपर्यंत, गाडीला साडेसात हॉर्सपॉवरच्या 2 मोटरी. मोटर डब्याला घट्ट बांधली तर डबा हलला की गिअरचे दात सुटतात, पूर्ण आसावर टाकली तर रुळाचा प्रत्येक धक्का तिला बसतो. त्यांनी एक बाजू बेअरिंगने आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर चौकटीला टांगली, म्हणजे आस वरखाली झाला तरी गिअरमधलं अंतर तेच राहतं. माझ्या मते रिचमंडचं खरं यश मोटर बनवण्यापेक्षा ती अशी टांगण्यात आहे. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूएजी-7 या मालगाडीच्या विजेच्या इंजिनातल्या मोटरी अजून याच पद्धतीने टांगलेल्या असतात, कधी संधी मिळाली तर इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीत वाकून बघा.